एका कार्डाची महागाई

महागाईविषयीं लिहावयाचें म्हणजे तांदूळ, तेल आणि तूरडाळ यांविषयींच लिहावयाचें, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि तो योग्यही आहे, कारण पोटाची भूक सर्व भुकांत मोठी. परंतु आज आम्ही ज्या वस्तूच्या महागाईची हकीकत सांगणार आहों, ती कोणाच्याही स्वयंपाकघरांत सांपडावयाची नाहीं. ती संगणकाच्या पेटींत बसते, तिला दोन किंवा तीन लहान पंखे असतात, आणि तिचें नांव ग्राफिक्स कार्ड. वडील माणसें तिला खेळणें म्हणतात. आणि खेळणें महाग झालें तर त्यांत एवढें दुःख करण्यासारखें काय, असेंही तीं विचारतील. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, या खेळण्याच्या किंमतीमागील कथा ज्यानें नीट समजून घेतली, त्याला बाजार कोणाचें ऐकतो आणि कोणाचें ऐकत नाहीं, हें पुष्कळसें कळून येईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा एक भाचा पुण्यास असतो. २०२० सालीं तो नववींत गेला. त्या वर्षीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, मैदानें ओस पडलीं, आणि इमारतीच्या आवारांत चेंडू घेऊन उतरणेंही दुरापास्त झालें. शाळाच जेथें पडद्यावर भरूं लागली, तेथें मुलांनीं आपलें मैदानही पडद्यावरच शोधलें, यांत नवल नाहीं. सायंकाळीं ठराविक वेळीं सहा मुलें आपापल्या घरीं बसून एकाच खेळांत एकत्र येत, एकमेकांस हांका मारीत, जिंकत, हरत आणि रुसत. आमच्या भाच्याच्या घरचा संगणक मात्र जुना होता. खेळ रंगांत आला कीं त्याचें चित्र अडखळे, आणि प्रतिपक्ष दिसण्यापूर्वींच याचा गडी गारद झालेला असे. सवंगड्यांनीं त्याला प्रथम चिडविलें, मग सांभाळून घेतलें, आणि शेवटीं, मुलांच्या जगाच्या रीतीप्रमाणें, त्याच्यावांचूनच खेळ मांडावयास सुरुवात केली.

चांगलें ग्राफिक्स कार्ड बसविलें म्हणजे हा प्रश्न सुटणार होता. त्याला हवें होतें तसें मध्यम प्रतीचें कार्ड तेव्हां बावीस हजार रुपयांच्या आंत मिळत असे. आमच्या भगिनीनें त्याला शब्द दिला कीं, निम्मे पैसे तूं जमव, निम्मे मी घालीन. त्यानें एक वही केली. आजोबांनीं वाढदिवसास दिलेले पैसे, दिवाळीचे पैसे, जुन्या सायकलीचे आलेले पैसे, शेजारच्या दोन लहान मुलांस गणित शिकविल्याबद्दल मिळालेले पैसे, असे आंकडे त्या वहींत एकाखालीं एक चढूं लागले. २०२१ च्या फेब्रुवारींत त्या वहीची बेरीज अकरा हजार झाली. आणि त्याच सुमारास बाजारांत त्या कार्डाची किंमत बेचाळीस हजार झाली होती. मुलगा एक पायरी चढे, तोंच जिना दोन पायऱ्यांनीं उंच होई.

असें कां व्हावें? कार्ड तेंच, कारखाना तोच. मग किंमत दुप्पट कशानें झाली? याचें उत्तर समजण्यास प्रथम हें कार्ड करतें काय, तें पाहिलें पाहिजे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न गणितज्ञासारखा असतो. कितीही गुंतागुंतीचें उदाहरण द्या, तो तें पायरीपायरीनें सोडवील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे प्राथमिक शाळेचे अनेक वर्ग भरून बसलेलीं हजारों मुलें. त्यांतील एकही मूल मोठें उदाहरण सोडवूं शकणार नाहीं. परंतु प्रत्येकास एकेक सोपी बेरीज दिली, तर सर्व मिळून क्षणार्धांत डोंगराएवढें काम उपसतील. पडद्यावर वीस लक्षांहून अधिक ठिपके असतात, आणि खेळ चालूं असतांना त्या प्रत्येकाचा रंग सेकंदांत साठ वेळां नव्यानें ठरवावा लागतो. हें काम गणितज्ञाचें नव्हे, या मुलांच्या फौजेचें. एनव्हिडिया कंपनीनें २०२० च्या सप्टेंबरांत बाजारांत आणलेल्या आरटीएक्स ३०८० या कार्डांत अशीं ८,७०४ लहान गणनकेंद्रें आहेत.

आतां फौज म्हटली कीं ती कोणाच्याही चाकरीस लावतां येते. खेळासाठीं उभी केलेली ही फौज एका भलत्याच कामास उपयोगी पडते, हें लोकांच्या ध्यानांत आलें, आणि तेथूनच पुढील सारें महाभारत घडलें.

२००८ सालीं सातोशी नाकामोतो असें नांव धारण करणाऱ्या कोणा अज्ञात व्यक्तीनें बिटकॉइन नांवाच्या चलनाची योजना प्रसिद्ध केली, आणि २००९ च्या जानेवारींत तें चलन सुरू झालें. या चलनास ना टांकसाळ, ना पेढी, ना राजमुद्रा. त्याच्या सर्व व्यवहारांची खतावणी जगभरच्या संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. त्या खतावणींत नवें पान जोडण्याचा मान कोणास मिळावा, हें ठरविण्यासाठीं एक शर्यत लाविलेली असते. त्या पानाबरोबर एक संख्या अशी शोधून काढावयाची कीं, ती ठरीव गणिती चरकांत घातली असतां बाहेर येणारें उत्तर एका मर्यादेखालीं असावें. येथें बुद्धीचें कांहीं चालत नाहीं. एकामागून एक संख्या घालून पाहत राहणें, एवढाच मार्ग. सरासरीनें दर दहा मिनिटांस कोणा एकाची संख्या लागते, आणि त्याला बक्षीस म्हणून नवीं नाणीं मिळतात. जमीन उकरून सोनें काढावें तसें हें आंकडे उकरून नाणें काढणें. म्हणून यास मायनिंग, म्हणजे खाणकाम, असें नांव पडलें.

या खाणीचा एक नियम विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. संख्या लवकर सांपडूं लागल्या, तर कोडें आपोआप अधिक अवघड होतें, आणि दहा मिनिटांचें मान पुन्हां कायम होतें. यामुळें जगांतील सर्व यंत्रें या कामास जुंपलीं, तरी नाणीं अधिक निघत नाहींत. केवळ वाटेकरी वाढतात. शेतांत दहा मजूर अधिक लाविले तर कापणी लवकर आटोपते. येथें दहा यंत्रें अधिक लाविलीं तर वीज तेवढी अधिक जळते, आणि पीक पूर्वीइतकेंच राहतें. तरीही शेजाऱ्यानें यंत्रें वाढविलीं म्हणजे आपणांसही वाढवावीं लागतात, नाहींतर आपला वाटा घटतो. यंत्रांची भूक कधींही न संपण्याचें कारण हें आहे.

प्रारंभीं लोक साध्या संगणकावरच हें काम करीत. २०१० सालीं ग्राफिक्स कार्डें त्यास लावूं लागले, आणि २०१३ पासून केवळ बिटकॉइनसाठींच घडविलेलीं यंत्रें निघालीं. तेवढ्यानें खेळणाऱ्यांची सुटका व्हावयास हवी होती. पण दरम्यान इतर चलनें निपजलीं होतीं. २०१३ च्या अखेरीस लाइटकॉइन नांवाच्या चलनाच्या ओढीनें अमेरिकेंत एएमडी कंपनीचीं कार्डें दिसेनाशीं झालीं. ५४९ डॉलरांस निघालेलें आर९ २९०एक्स हें कार्ड कांहीं महिन्यांतच तेथें नऊशें डॉलरांच्या आसपास विकलें जात होतें. पुढें ३० जुलै २०१५ रोजीं इथीरियम सुरू झालें. त्याच्या कर्त्यांनीं आपलें कोडें हेतुपुरस्सर असें रचिलें कीं, त्यास पुष्कळ मेमरी लागावी, आणि ठरीव कामाच्या यंत्रांस तें सहजीं साधूं नये. मोठ्या भांडवलदारांच्या हातीं सत्ता जाऊं नये, सामान्य माणसासही घरच्या यंत्रावर नाणें काढतां यावें, हा त्यांतील उद्देश होता. उद्देश उदात्त खरा. परंतु पुष्कळ मेमरी असलेलें सामान्य माणसाच्या घरचें यंत्र म्हणजे नेमकें मुलांच्या खेळाचें कार्ड! भांडवलदारापासून राखलेली ही वाट सरळ आमच्या भाच्याच्या मेजावरून गेली.

२०१७ सालीं इथीरियमचा भाव चढूं लागला, तेव्हां त्याच वर्षीं एप्रिलांत निघालेलीं रेडिऑन आरएक्स ५८० जातीचीं कार्डें दोन महिन्यांत दुकानांतून नाहींशीं झालीं. ही टंचाई केवळ खेळणाऱ्यांपुरती नव्हती. २०१८ च्या प्रारंभीं, परग्रहांवर कोणी बुद्धिमान जीव आहेत काय याचा शोध घेणाऱ्या अमेरिकेंतील बर्कले येथील संशोधकांनीं तक्रार केली कीं, आकाशांतून येणारे संदेश चाळण्यासाठीं आम्हांस हवीं असलेलीं कार्डें बाजारांत मिळत नाहींत. मग चलनाचा भाव कोसळला, आणि कार्डांचे ढीग दुकानांत पडून राहिले. लोकांस वाटलें, संकट टळलें. परंतु तो केवळ दोन लाटांमधील उतार होता.

तिसरी लाट २०२० मध्यें उठली, आणि या वेळीं दुष्काळांत तेरावा महिना आला. साथीमुळें घरोघर संगणकांची मागणी वाढली होती. सूक्ष्म चिप घडविण्याचे कारखाने तैवान, कोरिया अशा मोजक्या ठिकाणीं. तेथें आज मागणी नोंदविली तर माल हातीं पडण्यास महिनेच्या महिने लागतात. १७ सप्टेंबर २०२० रोजीं उपरोक्त आरटीएक्स ३०८० हें कार्ड ६९९ डॉलर किंमतीस निघालें, आणि कांहीं मिनिटांत संपलें. कित्येकांनीं तें स्वयंचलित प्रोग्रामांच्या साहाय्यानें गोळा करून चढ्या भावानें विकलें. त्यांतच इथीरियमचा भाव चढत चढत २०२१ च्या नोव्हेंबरांत ४,८०० डॉलरांच्या घरांत गेला. २०२१ च्या मे महिन्यांत जर्मनीच्या बाजारांत हीं कार्डें जाहीर किंमतीच्या सुमारें तिप्पट भावानें विकलीं जात होतीं.

आम्ही वर्गांत जसें उदाहरण घालतों, तसें एक येथें घालूं. समजा, एका कार्डाची किंमत पन्नास हजार रुपये आहे, आणि विजेचा खर्च वजा जातां तें दररोज चारशें रुपयांचीं नाणीं काढतें. एकशें पंचवीस दिवसांत तें स्वतःची किंमत फेडील. आतां दुकानदारानें किंमत एक लाख केली. खाणवाला तरीही घेईल, कारण अडीचशें दिवसांत, म्हणजे वर्षाच्या आंतच, पैसे परत येतात अशी त्याची गणना आहे. परंतु आमच्या भाच्याचें कार्ड दररोज किती रुपये काढणार? शून्य. त्याच्या कार्डांतून निघणार होती ती सायंकाळची हांक, "अरे, डावीकडून ये!" ही. त्या हांकेची किंमत कोणत्याही बाजारांत लागत नाहीं. एकाच वस्तूसाठीं दोन गिऱ्हाइकें उभीं राहिलीं, आणि एकाला ती वस्तु म्हणजे उपभोग व दुसऱ्याला ती म्हणजे दुभती म्हैस असली, तर म्हैस कोणाच्या दारीं बांधली जाणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

२०२१ च्या फेब्रुवारींत, पुण्याच्या मानानें येथें स्वस्त मिळेल अशा आशेनें, आमच्या भाच्यानें आम्हांस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करण्यास सांगितलें. या रस्त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु संगणकाचे सुटे भाग घेणारा मुंबईकर त्याला जुन्याच नांवानें ओळखतो. आम्ही चार दुकानें पालथीं घातलीं. तीन ठिकाणीं नकार मिळाला. चौथ्या ठिकाणीं दुकानदार म्हणाला, "कार्ड आहे, सर, बेचाळीस हजार. पण एकटें नाहीं देणार. सोबत मदरबोर्ड घ्यावा लागेल." आम्हीं सांगितलें कीं, हें शाळेच्या मुलासाठीं आहे. तो माणूस कांहीं दुष्ट नव्हता. त्यानें खरोखर खेदानें मान हलविली, आणि आमच्यादेखत शेजारीं उभ्या असलेल्या एका तरुणास तशाच कार्डाचे सहा खोके बांधून दिले. त्या तरुणानें किंमतीविषयीं एक शब्दही काढला नाहीं. परत येतांना आम्हीं भाच्यास दूरध्वनीवरून वर्तमान सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला, आणि म्हणाला, "असूं द्या, मामा. तुम्ही उन्हांत फार फिरूं नका."

त्या तरुणाविषयीं आम्हांस राग आला नाहीं, असें म्हणणें खरें होणार नाहीं. परंतु नंतर शांतपणें विचार करितां वाटलें, त्याचाही कांहीं अपराध होता काय? त्यानें चोरी केली नव्हती. स्वतःचे पैसे मोजले होते. त्याच साथीच्या काळांत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. घरच्या एका खोलींत सहा पंखे फिरवून चार पैसे मिळत असतील, तर ते कोणाला नको होते? त्याच्या शिरावर जोखीम होती. चलन कोसळलें असतें तर सहाही कार्डें गळ्यांत पडलीं असतीं. दोष शोधावयाचाच तर तो एकट्या माणसांत सांपडत नाहीं. ज्या शर्यतींत कितीही धांवलें तरी पीक वाढत नाहीं, तिच्यासाठीं उपयोगाच्या वस्तूंचा एवढा होम व्हावा, या रचनेंत तो आहे.

कंपन्यांनीं उपाय केले नाहींत असें नाहीं. २५ फेब्रुवारी २०२१ रोजीं ३२९ डॉलरांस काढलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डांत एनव्हिडियानें अशी मेख मारून ठेवली कीं, इथीरियमचें खाणकाम लागतांच त्याची गति निम्मी व्हावी. परंतु पुढच्याच महिन्यांत त्याच कंपनीनें चुकून असा एक ड्रायव्हर प्रसिद्ध केला कीं, त्यानें ती मेख निघून आली! कुलूप आपणच लावावें आणि किल्ली आपणच रस्त्यावर टाकावी, त्यांतला हा प्रकार. याच कंपनीस २०२२ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या रोखे-नियामक मंडळानें पंचावन्न लक्ष डॉलर दंड केला. कारण २०१७ मधील वाढत्या विक्रींत खाणवाल्यांचा हात किती मोठा आहे, हें तिनें आपल्या भागधारकांस पुरतें उघड केलें नव्हतें.

खरा उपाय निघाला तो खाणीच्या मालकांकडूनच. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथीरियमनें शर्यतीची पद्धतच सोडून दिली. तेव्हांपासून त्याच्या खतावणीचें पान जोडण्याचा मान, ज्यांनीं स्वतःचें चलन अनामत ठेविलें आहे, त्यांच्यांतून निवडलेल्यास मिळतो. कोडीं सोडवावीं लागत नाहींत. या एका बदलानें त्या जाळ्याचा विजेचा खर्च शेंकडा ९९ हून अधिक घटला. चलनाचा भाव त्या वर्षीं अगोदरच उतरला होता. खाणीं ओस पडल्या, आणि खाणवाल्यांनीं आपलीं कार्डें जुन्या बाजारांत आणून ओतलीं.

२०२२ च्या दिवाळींत आमच्या भाच्यानें असेंच एक वापरलेलें कार्ड घेतलें, बरोबर अकरा हजार रुपयांस. वहींतील बेरीज पुरली; आईच्या वांट्याची गरजच उरली नाहीं. त्यानें पंख्यांतील धूळ झाडली, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लाविली, कार्ड पेटींत बसविलें, आणि सायंकाळीं ठरलेल्या वेळीं जुन्या पांचही सवंगड्यांस निरोप धाडले. दोघे आले. एक गांव सोडून गेला होता. दोघे अकरावीच्या शिकवणींतून रात्रीं नऊस सुटत होते. शिवाय तो खेळही आतां कोणी खेळत नव्हतें. तिघांनीं अर्धा तास जुन्या मैदानावर फेरफटका मारला आणि एकमेकांचा निरोप घेतला. चित्र कोठेंही अडखळलें नाहीं, असें त्यानें आम्हांस सांगितलें.

तें कार्ड वायां मात्र गेलें नाहीं. त्यावर तो ब्लेंडर नांवाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांत घनाकृति चित्रें काढण्यास शिकला, आणि आज अभियांत्रिकीच्या शाळेंत तेंच कार्ड त्याच्या उपयोगीं पडत आहे. तरीही आमच्या मनांतून एक गोष्ट जात नाहीं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, टंचाई झाली म्हणजे भाव चढतो, आणि कालांतरानें तो पूर्वपदावर येतो. हें सत्य आहे. आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें. परंतु त्या "कालांतरानें" या एका शब्दांत एका मुलाचीं नववी आणि दहावीचीं दोन वर्षें गेलीं. भाव परत आला, तीं वर्षें आलीं नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, ही हकीकत येथेंच संपली असती तर आम्ही ती कदाचित् सांगितलीही नसती. परंतु त्याच चिपांस आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या यंत्रगृहांचें नवें गिऱ्हाईक लाभलें आहे, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भावही त्या मागणीनें चढूं लागले. तुमच्यांपैकीं कित्येक जण आज एखादी वही करून तींत आंकडे मांडीत असतील. त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, भाव चढला म्हणून स्वतःस कमनशिबी समजूं नका, आणि वही बंद करूं नका. आणि आणखी एक विनंती. तुमचे सहा जणांचे मेळे असतील, आणि त्यांत एखाद्याचें यंत्र जुनें असेल. त्याला वगळून खेळ मांडूं नका. त्याच्या यंत्रास झेपेल असा एखादा साधा खेळ आठवड्यांतून दोन सायंकाळीं तरी खेळा. बाजार आपल्या हातीं नसतो. खेळ कोणता मांडावयाचा, हें मात्र तुमच्या हातीं आहे.